पुरे आणि पुढे

अण्णा,

तुमचा ढ स्वच्छ होता. तुम्हाला जाऊन पस्तीसच्या वर वर्षं झाली आणि मी ज्या रविवारबद्दल बोलते आहे तो त्याच्याही दहा वर्षं आधीचा, पण हे एवढं वाक्य तुमच्यासमोर उच्चारायला मला कधी जमलं नाही. मी सदतीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवली. कुणाचा ढ कच्चा आणि कुणाचा पक्का, हे मला झोपेतसुद्धा कळतं. तुमचा पक्का होता. आपल्या घरात मात्र सगळे असंच मानतात की तुमच्या जिभेला ढ नीट वळत नव्हता, तुमचं ‘पुढे’ आणि तुमचं ‘पुरे’ सारखंच ऐकू यायचं, म्हणून त्या दिवशी गाडीचं इंजिन फिरवताना माझा घोटाळा झाला आणि तुमच्या बोटाचं पेर गेलं. तुम्हीही मरेपर्यंत हेच मानलंत. ही गोष्ट मी रचलेली आहे. तुम्ही ‘पुरे’ म्हणालात, मला ‘पुरे’ ऐकू आलं, आणि ते ऐकून मी हँडल फिरवलं. आता हे लिहून टाकलंच आहे तर बाकीचंही रीतसर लिहिते, कारण कुठलीही गोष्ट मधूनच सुरू केलेली तुम्हाला खपत नसे.

गाडीपासून सुरू करते. तुमच्या सातपूरच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये ती कितीतरी वर्षं धूळ खात पडली होती. मागच्या सीटवर मांजर दोनदा व्याली होती म्हणे. मालक एकदा गमतीत म्हणाले, फिटर, चालू करून दाखव, गाडी तुझी. त्यांना वाटलं असेल, हा हसेल आणि कामाला लागेल. तुम्ही आठ महिन्यांचे सगळे रविवार तिच्या पोटाखाली झोपून काढलेत आणि एका दुपारी ती चालवत आपल्या नाशिक रोडच्या कॉलनीत आणलीत. फिक्कट हिरवी, गोल दिव्यांची, एका बाजूचं दार दोरीनं बांधलेलं. आजूबाजूला सगळे नोटांच्या प्रेसमधले नोकरदार, त्यांच्याकडे दोन-चार स्कूटर होत्या, आणि मोटार आली ती आमच्याकडे. शेजारच्या काकू ओवाळायला नारळ घेऊन आल्या. तुम्ही नारळ हसून घेतलात, त्यांचे आभार मानलेत आणि आत येऊन आईला म्हणालात, याची चटणी कर. खरं तर ती गाडी आपण चालवली कमी आणि उघडून ठेवली जास्त. आई म्हणायची, दुसऱ्याचे नवरे रविवारी बायकोला सिनेमाला नेतात, मना नवरा गाडीसंगे बसस.

आईनं अहिराणी कधी सोडली नाही. तुम्ही मात्र सटाण्याकडून आलात ते भाषा घासूनपुसूनच आलात. एकदाच सांगितलं होतंत, मॅट्रिकला मला मराठीत कमी मार्क पडले तेव्हा. मास्तर तुम्हाला फळ्यापाशी उभं करून ‘पाणी’ म्हण म्हणायचे, तुम्ही ‘पानी’ म्हणायचात आणि वर्ग हसायचा. ‘डोळा’चा ‘डोया’ व्हायचा, वर्ग परत हसायचा. मग तुम्ही नदीच्या कोरड्या पात्रात एकटे जाऊन ण आणि ळ घोटलेत, जीभ सोलून निघेपर्यंत, हे शब्द तुमचेच. वर्गातल्या इतर पोरांचंही ‘पानी’च होतं, पण फळ्यापाशी तुम्हालाच का उभं करत, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्हाला विचारायची गरज पडली नाही. पुढे मी तुम्हाला ऐकलं ते असं, की दर पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात संध्याकाळी ग्रंथ वाचायचे ते तुम्ही. जयंतीला शेवटचं भाषण तुमचं. मागच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांनाही अक्षर न् अक्षर पोचायचं. मी बायकांच्या बाजूला बसून बघायची, तान्ही पोरं रडायची थांबायची. लोक म्हणायचे, फिटरसाहेबांना माईक कशाला हवा. कपड्यांची हौस नव्हती तुम्हाला, खाण्याची नव्हती, कौतुकाचीही फारशी नव्हती. एका शब्दाचीच काय ती श्रीमंती, आणि ती तुम्ही कुणाकडून वारसा म्हणून घेतलेली नव्हती.

महिन्यातला एक रविवार टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट पातळ पट्टीनं मोजून नीट करायचा असायचा. धाकटा भाऊ, तेव्हा बारा वर्षांचा, सकाळीच चेंडूफळी घेऊन पसार व्हायचा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. मी एकवीस वर्षांची, डी.एड. झालेली, आणि मला त्या कामाचा मनातून अभिमान होता. बॉनेट उघडायचं, चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडायचे. प्लग काढले की आत हवा कोंडत नाही, मग एवढं मोठं इंजिन हातानं फिरतं. मी गाडीच्या तोंडाशी उकिडवी बसून बंपरच्या भोकातून ते लांब वाकडं हँडल आत सरकवायची. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला मूठ आवळायची नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलं होतंत. तुम्ही बाजूला उभे राहून आत वाकलेले, एका हातात पाना, दुसऱ्यात पातळ पट्ट्यांचा जुडगा. तुम्ही म्हणायचात, ‘पुढे.’ मी फिरवायची. ‘पुढे. थोडं पुढे.’ आतून फुस्स करून हवा सुटायची, लोखंड तेलात सरकल्याचा आवाज यायचा. खालच्या पुलीवर एक बारीक खूण होती, ती काट्यासमोर आली की तुम्ही म्हणायचात, ‘पुरे.’ मी हात जागच्या जागी थांबवायची. खूण जरा जरी पुढे निसटली तर सगळंच फुकट, कारण ते हँडल एकाच बाजूला पकडतं, उलटं फिरवलं तर नुसतं मोकळं फिरतं. मग परत पूर्ण दोन फेरे मारून खुणेवर यावं लागायचं. माझी खूण कधी निसटत नसे. तुम्ही कारखान्यात सांगायचात म्हणे, माझ्या पोरीचा हात मापाचा आहे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीचा तो उन्हाळा. आदल्या दिवशी टपालानं माझी ऑर्डर आली होती, सुरगाणा तालुक्यातली शाळा. तुम्ही ती दोनदा वाचलीत, घडी घालून कपाटावर ठेवलीत आणि म्हणालात, बघू. तुमचं बघू म्हणजे नाही, हे घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं. रात्रभर मी वाक्यं जुळवली आणि सकाळी हँडल हातात आल्यावर बोलायला सुरुवात केली, कारण त्या वेळी तुम्ही उठून जाऊ शकणार नव्हता.

“अण्णा, हजर व्हायला आठच दिवस आहेत.”

“पुढे.”

मी फिरवलं. “मी जाणार आहे.”

“सुरगाण्याला जीप मिळाली तर मिळाली. नाला आडवा आला की आठ-आठ दिवस टपाल नाही. एकटी मुलगी तिथं काय करणार? नाशिक तालुक्यातली निघेल एखादी, थांब वर्षभर. पुढे.”

“वर्षभर थांबले तर तुम्ही लग्न लावून द्याल.”

पान्याचा खणखण आवाज तेवढा आला.

“तुम्हीच विहारात सांगता ना, शिका आणि जिथं कोणी जात नाही तिथं जा? सगळे टाळ्या वाजवतात. ते काय दुसऱ्यांच्या मुलींसाठी असतं?”

“थोडं पुढे.”

“उत्तर द्या ना अण्णा.”

“पुरे.”

इथं मी नेहमी अडते. इतकी वर्षं मी स्वतःशी असा वाद घालत आले की ते ‘पुरे’ माझ्या बोलण्याला होतं, गप्प बस अशा अर्थाचं, आणि माझं डोकं फिरलं. तसं असतं तर निदान कुणाला सांगता आलं असतं. पण तुमचं रागाचं ‘पुरे’ मला माहीत होतं, ते लांबट आणि वर चढणारं असायचं. हे इंजिनाचं होतं. आखूड, खाली बघून उच्चारलेलं, कामातलं. मला ते कळलं, हात थांबलासुद्धा. आणि मग मनात आलं की माझ्या आयुष्याचा प्रश्न टांगलेला असताना या माणसाला त्या खुणेचीच पडली आहे, तर निसटू दे ती खूण, मारावे लागू देत परत दोन फेरे. एवढंच माझ्या मनात होतं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तुमचं काम थोडं नासवायचं होतं.

खूण तेलकट झाली होती म्हणून तुम्ही ती पुसायला फडकं घेऊन हात आत घातला होतात, ते मला खाली बसलेलीला दिसलं नाही. मी हँडल ओढलं. नेहमीपेक्षा जरा जड लागलं, आणि जड लागलं म्हणून मी जोर लावला. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आणि मी उठून बघते तर फडकं फॅनच्या पट्ट्याबरोबर पुलीत ओढलं गेलेलं आणि त्याच्यात तुमच्या उजव्या हाताचं मधलं बोट. मी वेड्यासारखी हँडल उलटं फिरवायला लागले. ते मोकळंच फिरत राहिलं. तुम्ही म्हणालात, “त्यानं होणार नाही. आत बस, चौथा गिअर टाक. आईला हाक मार. दोघी मिळून गाडी वीतभर मागे ढकला.” घामानं तुमचं कपाळ निथळत होतं, ओठ पांढरे पडले होते, आणि शब्द असे येत होते की कुणीही लिहून घ्यावेत. ढकला. त्यात ढ आहे, अण्णा. मला तो आजही ऐकू येतो, पहिल्या ओळीत बसून ऐकल्यासारखा.

आई पिठाच्या हातांनी धावत आली. “काय जयं वं? हात कसाले घाला तठे?” म्हणत तिनं मडगार्डला खांदा लावला, मी दुसऱ्या बाजूनं. तुम्ही गाडीबरोबर एक पाऊल मागे चालत आलात, हात आतच. चाकं वीतभर फिरली, इंजिन उलटं फिरलं आणि बोट सुटलं. पहिलं पेर नावापुरतं राहिलं होतं. आईनं पदर फाडला नाही की आक्रोश केला नाही, सरळ पिठाच्याच हातांनी बोट दाबून धरलं आणि तशीच तुम्हाला रिक्षात घालून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी मागच्या बाजूला तुमचं मनगट उंच धरून बसले होते.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं हे? तुम्ही डोळे मिटून पडला होतात. आई माझ्याकडे बघत होती. आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, “अण्णा पुरे म्हणाले, मला पुढे ऐकू आलं.” तोंडातून निघेपर्यंत मी असं काही म्हणणार आहे हे मलाच माहीत नव्हतं. डॉक्टर टाका घालता घालता म्हणाले, “असं कसं ऐकू येईल?” मग मी, शिकलेली मुलगी, डी.एड. झालेली, ध्वनींचा अभ्यास केलेली, त्यांना समजावून सांगते, की आमच्या गावाकडचे उच्चार जरा वेगळे असतात, अण्णांचा ढ थोडा र सारखा येतो, दोन्ही शब्द सारखेच वाटतात. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे नाही, छताकडे बघितलंत. म्हणालात, “हो डॉक्टर. तिचा हात मापाचा आहे. माझंच बोलणं चुकलं असणार.”

लोक मला म्हणतील, अगं, त्यांना सगळं कळलं असेल, बाप होता, त्यानं पोरीला पाठीशी घातलं. कुणाला सांगितलंच नाही तर कोण म्हणणार, पण मीच मला कितीदा म्हणून पाहिलं. फार गोड समजूत आहे ती. तिचा मोह मला पन्नाशीपर्यंत होता. पण तुम्हाला कळलं असतं तर पुढच्या आठवड्यात पहाटे न्हाणीघरात नळ सोडून तुम्ही जे करत होतात ते केलं नसतंत. मी दाराबाहेर बादली घेऊन उभी होते. आतून पाण्याच्या आवाजाखालून तुमचा आवाज येत होता. गाढव. मेंढी. आढी. वाढ. पुढे. पुढे. पुढे. बावन्न वर्षांचा माणूस, एका हाताला पट्टी बांधलेली, पुन्हा शाळेतल्या फळ्यापाशी उभा होता. आणि या वेळी त्याला तिथं उभं करणारी मी होते. मी बादली घेऊन मुकाट्यानं परत गेले.

त्याच आठवड्यात तुम्ही ऑर्डर कपाटावरून काढून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, “तू त्या दिवशी बोललीस ते बरोबर होतं. मी दुसऱ्यांच्याच मुलींना सांगत होतो.” त्या क्षणी मला सगळं सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण मी विचार केला, खरं बोलले तर ही ऑर्डर परत कपाटावर जाईल. गेली असती की नसती कोण जाणे. तुम्ही तसे नव्हता, असं आता वाटतं. तेव्हा मी कागद घेतला आणि पाया पडले. एसटी स्टँडवर सोडायला आलात तेव्हा पट्टी अजून होती. ट्रंक टपावर चढवून झाली, गाडी सुटायला आली, आणि खिडकीशी येऊन तुम्ही म्हणालात, “तिथल्या पोरांना अगदी पहिलीपासून ढ पक्का शिकव, बाई. नंतर जीभ ऐकत नाही.” तुम्ही हसत होतात. मी मान हलवली.

शिकवलं नाही मी. सुरगाण्यात काय आणि पुढे दिंडोरीत, निफाडला काय, मी कुठल्याच पोराचा उच्चार कधी दुरुस्त केला नाही. डोंगरातली पोरं त्यांच्या बोलीत बोलायची, मी ऐकून घ्यायची. एक साहेब तपासणीला आले, एका मुलीला वाचायला उभं केलं आणि तिचं ऐकून मला म्हणाले, “बाई, ही ‘नाय नाय’ काय म्हणते? तुम्ही शुद्ध बोलायला शिकवत नाही का?” मी म्हटलं, तिला काय म्हणायचंय ते मला कळतं. त्यांनी शेरा लिहिला. माझ्या कामाबद्दल माझ्यामागे लोक चांगलं बोलतात, मायाळू बाई म्हणतात, पोरांना हिणवत नसत म्हणतात. ती माया होती का धास्ती, हे मला विचारलं तर मी धास्ती म्हणेन.

सुरगाण्याला हजर झाले त्याच वर्षीच्या आषाढात मी एका रविवारी घरी आले होते. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन, म्हणून आईबरोबर गेले. पुढच्या पाटावर बँकेतला एक चष्मेवाला तरुण ग्रंथ उघडून बसला होता. तुम्ही कुठे दिसेनात. मग बघितलं तर मागच्या भिंतीला टेकून, चपलांजवळ, हात मांडीवर झाकून बसलेले. मी आईला हळूच विचारलं, अण्णा का नाही वाचत? ती म्हणाली, बोट दुखस म्हनत. पण ग्रंथ काही बोटानं वाचत नाहीत. नंतर मला त्या तरुणानंच सांगितलं, तुम्ही त्याच्या घरी जाऊन ग्रंथ त्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, माझं बोलणं साफ नाही, एकाचं दुसरं ऐकू जातं. हे शब्द तसे जायला नकोत. तो बिचारा अडखळत वाचत होता, जोडाक्षरांवर ठेचकाळत होता, आणि मागे भिंतीशी तुमचे ओठ हलत होते, त्याच्या अर्धा शब्द पुढे. सगळं पाठ होतं तुम्हाला. मला तिथं उठून उभं राहता आलं असतं. शंभरएक माणसं होती, सगळी आपली. मी सतरंजीची सुटलेली गाठ बोटानं परत घालत बसले, आणि वाचन संपल्यावर सगळ्यांबरोबर जयभीम करून बाहेर आले.

पुढची दहा वर्षं तुम्ही जयंतीला खुर्च्या मांडल्यात, वायरिंग केलंत, भोंगा दुरुस्त केलात. बोलला नाहीत. टॅपेटच्या रविवारी भाऊ हँडलवर बसू लागला, आणि त्याला तुम्ही ‘पुरे’ म्हणत नव्हतात, ‘स्टॉप’ म्हणायचात. कारखान्यात, बाजारात, घरातसुद्धा तुम्ही ‘पुढे’ टाळून ‘समोर’ म्हणायला लागलात. मी बाराखडीची बाई, माझ्या कानाला ते दर वेळी खटकायचं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. तुम्ही गेलात तेव्हा विहारात शोकसभा झाली. बरीच चांगली भाषणं झाली. एक नवीन कार्यकर्ता, तुम्हाला शेवटच्या पाच वर्षांतच ओळखणारा, म्हणाला, “अण्णा बोलायचे कमी, करायचे जास्त. असा अबोल माणूस मी पाहिला नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वेळी रडू फुटलं, आणि बायकांना वाटलं, बापासाठी रडते आहे. तुमच्यासाठीच रडत होते, पण त्यांना वाटलं त्या कारणासाठी नाही.

तुम्हाला वाटेल, म्हातारपणी हिला हे आत्ताच का सुचलं. मी निवृत्त झाल्यापासून भावाकडेच असते. मागच्या रविवारी त्याच्या धाकट्या मुलीकडचे पाहुणे जेवायला होते. भावाच्या घरात एक पद्धत आहे, कधी पडली कोण जाणे. पानावर कुणी हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणालं, की वाढणाऱ्यानं आणखी एक पुरी टाकायची आणि ओरडायचं, “अण्णांचं पुढे!” मग सगळे हसतात. नवीन जावईबापूंना त्याचा अर्थ कळेना, तेव्हा भावानं गोष्ट सांगितली. छान सांगतो तो, तुमचा गुण त्याच्यात उतरला आहे. तुम्ही वाकलेले, मी हँडलपाशी, आणि मग तुमचा आवाज काढून, जीभ जाड करून, एक असा काही शब्द त्यानं उच्चारला की जो धड पुरेही नव्हता आणि धड पुढेही नव्हता. तुमच्या तोंडातून असा शब्द जन्मात कधी निघाला नाही. टेबल हसून लोटपोट झालं. त्याच्या मनात तुमच्याबद्दल प्रेमच होतं, अण्णा, त्याच्यावर रागावू नका. तो त्या दिवशी चेंडूफळी खेळायला गेला होता, त्याला मी सांगितलं तेवढंच माहीत. त्याची पाच वर्षांची नात तर तुम्हाला फक्त त्या एका शब्दानंच ओळखते. आणि वाढायला मी होते. जावईबापूंनी पानावर हात धरला, मी त्यांच्या हातावरून पुरी टाकली आणि सगळ्यांबरोबर तसंच ओरडले.

त्या रात्रीपासून ठरवलं होतं की लिहून काढायचं, म्हणून आज दुपारी बसले. लिहिताना वाटत होतं, मोठं काहीतरी पार पाडते आहे. आता शेवटाला आल्यावर दिसतं आहे की तुम्हाला लिहिणं सगळ्यात सोपं होतं. तुमच्याकडून उत्तर येणार नाही, तुम्ही छताकडेसुद्धा बघणार नाही. हे ज्याला वाचून दाखवायला हवं तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला आहे, हाक मारली तर उठून येईल. मघाशी तो आलाही होता चहाचा कप घेऊन. खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, काय लिहितेस एवढं?” मी पान उलटं केलं आणि म्हटलं, पेन्शनचा अर्ज आहे.

तो म्हणाला, “सात-आठ पानांचा?”

मी म्हटलं, हो, त्यांना सगळं सविस्तर लागतं.